मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर, किती तास? तिकिटावरची वेळ आणि तारीख कशी वाचायची

"मुंबईपासून न्यूयॉर्क किती लांब आहे आणि विमानाला किती तास लागतात?" हा प्रश्न मोबाईलवर टाकला की सेकंदात उत्तर येतं. मीही असंच उत्तर शोधलं होतं, आईच्या प्रवासासाठी. अंतर बरोबर निघालं, तासही बरोबर निघाले, आणि तरीही विमान चुकलं. कसं चुकलं ते पुढे सांगतोच. म्हणून या लेखात फक्त आकडे देऊन थांबणार नाही, ते आकडे येतात कुठून आणि तिकिटावर ते वेगळे का दिसतात तेही बघूया.

घाईत असाल तर थेट उत्तर आधी घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचं हवाई अंतर साधारण १२,५४० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना अंदाजे १६ तास आणि येताना साधारण १४ ते १५ तास लागतात. मधे एखाद्या शहरात विमान बदलायचं असेल तर २० ते २४ तास धरा, कधी त्याहून जास्त.

हे अंतर मोजलं कसं?

पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला अक्षांश आणि रेखांश असतात. मुंबई विमानतळ साधारण १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. हे दोन बिंदू मिळाले की अ‍ॅप पृथ्वीच्या केंद्रापासून त्या दोघांमध्ये किती अंशांचा कोन होतो ते काढतं. आपल्या बाबतीत तो कोन येतो ११२.७ अंश. पृथ्वीचा पूर्ण घेर, म्हणजे ३६० अंश, साधारण ४०,०३० किमी. आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा: ११२.७ भागिले ३६० गुणिले ४०,०३०. उत्तर १२,५३२ च्या आसपास येईल.

एखादं अ‍ॅप १२,५३२ म्हणतं, दुसरं १२,५४० किंवा त्याच्या आसपासचं काही. यात कुणीच खोटं बोलत नाही. काही अ‍ॅप पृथ्वीला गोल चेंडू धरतात, काही तिला खरी आहे तशी, म्हणजे ध्रुवांजवळ जराशी चपटी धरतात. दहा-पंधरा किलोमीटरचा फरक त्यातूनच येतो. विमानाला तो मिनिटभराचा आहे, सोडून द्या.

स्वतः बघायचं असेल तर गुगल मॅप्समध्ये मुंबई विमानतळावर बोट दाबून धरा, पिन पडली की खालच्या माहितीत "अंतर मोजा" हा पर्याय सापडेल. मग नकाशा सरकवत न्यूयॉर्कपर्यंत न्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा. न्यूयॉर्कला जाणारे आपले बरेच लोक खरं तर न्यू जर्सीला जात असतात, आणि तिथे नेवार्क नावाचा वेगळा विमानतळ आहे. अंतरात फारसा फरक नाही, पण घ्यायला येणारा माणूस केनेडीला आणि तुम्ही नेवार्कला असं झालं तर मधे अख्खं न्यूयॉर्क शहर पडतं. तिकिटावर जेएफके आहे की ईडब्ल्यूआर, ही तीन अक्षरं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नकाशावरची सरळ रेष लांबची असते

हा माझा आवडता भाग. शाळेतल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये पट्टी ठेवून रेष ओढली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, उत्तर आफ्रिका आणि मग अटलांटिक महासागर अशी जाते. दिसायला एकदम सरळ. पण त्या रेषेवरून विमान नेलं तर जवळपास १४,२०० किमी उडावं लागेल. म्हणजे साडेसोळाशेहून जास्त किलोमीटर फुकट.

खरा जवळचा रस्ता मुंबईतून निघाल्यावर वायव्येला आणि चांगलाच उत्तरेकडे झुकतो. मध्य आशिया, रशिया, फिनलंड, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्क. हा मार्ग जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत जातो. सपाट नकाशावर तो मोठ्या कमानीसारखा वाकडा दिसतो, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना वरचा भाग ताणला जातो. पटत नसेल तर घरात पृथ्वीगोल असेल त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकतो. पृथ्वीगोल नसेल तर मोसंबं चालेल.

मग १६ तास कसे?

लांब पल्ल्याचं मोठं जेट विमान वर पोहोचल्यावर ताशी साधारण ९०० किमी वेगाने उडतं. १२,५४० भागिले ९०० म्हणजे १४ तासांच्या आत. मग वेळापत्रकात जाताना १६ तास का लिहिलेले असतात?

पहिलं कारण साधं आहे. वेळापत्रकातली वेळ चाकं धावपट्टीवरून उचलल्यापासून मोजत नाहीत. इथल्या गेटवरून विमान हललं तिथपासून तिथल्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. मुंबईत धावपट्टीसाठी रांग, वर चढायला लागणारा वेळ, न्यूयॉर्कला उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात येतं. थोडा वेळ मुद्दाम जास्तही धरलेला असतो, म्हणूनच कधीकधी विमान अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचतं.

दुसरं कारण वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं जिथून उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. न्यूयॉर्कला जाताना हा वारा बराच वेळ समोरून लागतो, परत येताना पाठीमागून ढकलतो. येण्या-जाण्यातला तास-दोन तासांचा फरक मुख्यतः याचाच. हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात. ८ फेब्रुवारी २०२० ला न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं एक विमान वादळी वाऱ्याच्या जोरावर ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास धरतात. एक गंमत सांगतो: जपानच्या ओइशी वासाबुरो या हवामानशास्त्रज्ञाने या वाऱ्यांची नोंद १९२० च्या दशकात फुगे सोडून केली होती, पण त्याने अहवाल एस्परांतो या कृत्रिम भाषेत छापला. सगळ्या जगाला वाचता यावा म्हणून. झालं उलटंच, फार कुणी वाचलाच नाही.

तिसरं कारण आकाशातले बंद रस्ते. वर सांगितलेला सगळ्यात जवळचा मार्ग कागदावरचा आहे. प्रत्यक्षात प्रत्येक देशाचं स्वतःचं हवाई क्षेत्र असतं आणि तो ते बंद करू शकतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै आपलं बरंचसं हवाई क्षेत्र बंद ठेवलं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली. २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, दोन वेगळ्या देशांच्या कंपन्यांची विमानं वेगळ्या वाटेने जाऊ शकतात. दिल्लीच्या मानाने मुंबईचं बरं आहे, इथून निघालं की लगेच अरबी समुद्र मोकळा मिळतो. तरी तुमचं तिकीट ज्या महिन्याचं आहे त्या महिन्याचीच वेळ बघा, दोन वर्षांपूर्वी मित्राला किती तास लागले त्यावर जाऊ नका.

घड्याळाचा घोळ: दीड-पावणेदोनला निघालं, आठला पोहोचलं

आता तिकिटाकडे वळू. माझ्या आईच्या तिकिटावर लिहिलं होतं: मुंबई ०१:४०, न्यूयॉर्क ०७:५५. तारीख दोन्हीकडे तीच. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "सव्वासहा तासांत अमेरिका? आपल्या साताऱ्याहून नागपूरला यापेक्षा जास्त वेळ लागतो."

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या शहराची स्थानिक वेळ असते. निघायची वेळ मुंबईची, पोहोचायची वेळ न्यूयॉर्कची. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, पण किती मागे हे वर्षभर सारखं नसतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास. आपण घड्याळाला हात लावत नाही, सबंध देशाची एकच वेळ. (मुंबईची मात्र एकेकाळी स्वतःची वेगळी वेळ होती, भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे. शहरात ती १९५५ पर्यंत टिकली होती.)

आईचा प्रवास ऑक्टोबरमधला, म्हणून साडेनऊ तास. मुंबईत रात्रीचे १:४० वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या दिवशीचे दुपारचे ४:१० झालेले असतात. तिथून सकाळी ७:५५ पर्यंत मोजा: १५ तास ४५ मिनिटं. हा झाला खरा प्रवास. बाबांना हे समजावल्यावर त्यांनी आईच्या पिशवीत दशम्यांचा आणखी एक डबा वाढवला.

परत येताना उलटं होतं. समजा न्यूयॉर्कहून दुपारी १२:३० ला विमान निघालं आणि साडेचौदा तासांनी मुंबईत उतरलं, तर मुंबईतही दुपारचे १२:३० च वाजलेले असतील, फक्त दुसऱ्या दिवशीचे. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात "+१" दिसतं ते हेच. स्क्रीनशॉट काढताना बऱ्याचदा ते कापलं जातं, सांभाळा.

मोबाईलच्या घड्याळात "वर्ल्ड क्लॉक" असतं, त्यात न्यूयॉर्क टाकून ठेवा. मनातल्या मनात वजाबाकी करू नका, अर्ध्या तासाची भानगड हमखास चुकवते. विमानाची वेळ मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये स्वतः टाकत असाल तर तिथे टाइम झोनही निवडा. नाहीतर न्यूयॉर्कला उतरल्यावर फोन स्वतःची वेळ बदलतो आणि परतीच्या विमानाची नोंद साडेनऊ तास मागे सरकून बसते.

रात्री १:४० म्हणजे कोणती रात्र?

आता माझी चूक. तिकिटावर तारीख होती १२ ऑक्टोबर, वेळ ०१:४०. मी आईला सांगितलं, "बारा तारखेला रात्री पावणेदोनचं विमान आहे." आईने कालनिर्णयवर १२ च्या चौकोनात पेनने विमान काढलं. मी १२ तारखेला दुपारची गाडी ठरवली.

मित्रांनो, मोबाईल, तिकीट, रेल्वे, विमान, सगळ्यांची तारीख मध्यरात्री १२ ला बदलते. आपल्या बोलण्यातली तारीख तशी बदलत नाही. आपल्याकडे पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयापासून सुरू होतो. रात्री दीडला झोपणारा माणूस "आज उशीर झाला" म्हणतो, "उद्या उशीर झाला" म्हणत नाही. आपल्यासाठी रात्र ही आदल्या दिवसाची शेपटी. १२ तारखेच्या ०१:४० ला साताऱ्यात सगळे ११ तारखेचीच रात्र म्हणतील. आणि भारतातून अमेरिका-युरोपला जाणारी कितीतरी विमानं नेमकी मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात.

११ तारखेला संध्याकाळी ७:४० ला माझ्या फोनवर विमान कंपनीच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन आलं: तुमचं विमान ६ तासांत सुटत आहे. आधी वाटलं अ‍ॅपच चुकलंय. मग तिकीट उघडलं आणि पाय गार पडले. आई स्वयंपाकघरात मेथकुटाच्या पुड्या बांधत होती. अर्धी बॅग भरलेली. ताईचं न्यू जर्सीत सिझेरियन १४ तारखेला ठरलेलं, दाजी एकटे, आणि आई पोहोचणार म्हणून त्यांनी दुसरी काही सोय केलेली नव्हती.

आम्ही सव्वाआठला साताऱ्याहून निघालो. मुंबई विमानतळ तिथून अडीचशे किलोमीटरच्या वर, खंबाटकी, पुणे, खंडाळा सगळं मधे. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे १२:४० ला. आम्ही पोहोचलो १:२० ला.

एक शहाणपणाचं काम त्या गोंधळात झालं होतं. पुणे ओलांडताना मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आम्ही पोहोचत नाही हे सांगून ठेवलं. विमान सुटण्याआधी न कळवता प्रवासी आलाच नाही, तर बऱ्याच तिकिटांवर परतीचा प्रवासही आपोआप रद्द होतो. आमचं परतीचं तिकीट वाचलं. जाण्याची तारीख बदलायला दंड आणि भाड्यातला फरक मिळून बाबांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनपेक्षा जास्त पैसे गेले, आणि जागा मिळाली ती १५ तारखेची.

विमानतळाबाहेरच्या बाकावर बसून मी फ्लाइटरडार२४ हे अ‍ॅप उघडलं. विमानं आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत कळवत असतात, जमिनीवरचे रिसीव्हर ते पकडतात आणि अ‍ॅप ते नकाशावर दाखवतं. आईचं विमान पिवळ्या खुणेसारखं समुद्रावर गेलेलं दिसत होतं. आईने फोन हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे बघ, गेलं होय आपल्याशिवाय." मग थोड्या वेळाने, "मोबाईलमधलं सगळं तुला कळतं म्हणून तुझ्यावर सोडलं होतं रे." त्यावर मी काय बोलणार.

१४ तारखेला आम्ही दुपारी तीनलाच घर सोडलं. पुण्याच्या अलीकडे असताना, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास दाजींचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळचे सव्वानऊ. भाची झाली होती. आईने तिला पहिल्यांदा बघितलं ते गाडीच्या मागच्या सीटवर, नेटवर्क तुटत असताना. पत्रिकेसाठी गुरुजींनी जन्मवेळ विचारली तेव्हा आईने ६:४२ संध्याकाळ सांगितली. पत्रिकेला जन्मगावची स्थानिक वेळ लागते, म्हणून मला पुन्हा फोन करून ९:१२ सकाळ सांगावी लागली.

तेव्हापासून मी घरात कुणाचंही रात्रीचं तिकीट आलं की ते अशा वाक्यात लिहून सगळ्यांना पाठवतो: "१४ तारखेला दुपारी ३ ला घर सोडायचं, १४ ची रात्र संपता संपता, म्हणजे १५ च्या पहाटे १:४० ला विमान." घर कधी सोडायचं हे आधी, विमान कधी सुटणार हे नंतर.

थेट विमान की मधे बदलून?

१९६० साली एअर इंडियाने बोइंग ७०७ विमानाने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली तेव्हा लंडनला थांबूनच जावं लागायचं. मुंबई ते न्यूयॉर्क न थांबता जाणारी एअर इंडियाची सेवा २००७ मध्ये आली.

मजा म्हणजे मधे उतरल्याने अंतर फार वाढत नाही. मुंबई-दुबई साधारण १,९३० किमी आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०२० किमी, बेरीज १२,९५०. थेटपेक्षा फक्त चारशे किलोमीटर जास्त. लंडनमार्गे तर दोनशेच वाढतात. वेळ जातो तो थांब्यात: तीन तास, आठ तास, कधी अख्खी रात्र. तिकीट स्वस्त दिसलं की एकूण वेळ आणि थांब्याची वेळ दोन्ही बघा. दीड तासापेक्षा कमी थांबा असेल तर पहिलं विमान जरा लेट झालं तरी दुसरं हातचं जातं. तुम्ही तरुण आहात, दुबईला आठ तास मोबाईल चार्जिंगला लावून निघतील. आई-वडील एकटे जाणार असतील तर मी थेट विमानाचेच पैसे घालेन, आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवेन. चालता येत असलं तरी. सोबत एक माणूस मिळतो, रांगा आणि गेट तोच सांभाळतो.

आई मार्चमध्ये परत आली. निघायच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला, त्यांच्याकडे रात्रीचे नऊ, आमच्याकडे सकाळचे साडेसात. म्हणजे अजून साडेदहा तासांचा फरक होता. म्हणाली, "रविवारी इथली घड्याळं पुढे जाणार आहेत म्हणे, विमान त्याच्या नंतरचं आहे. आणि ते वेळेच्या वर अधिक एक लिहिलंय, म्हणजे मी दुसऱ्या दिवशी उतरणार. गाडी त्या दिवशीची सांग. तिकीट मी वाचलंय, तू नको वाचूस."